काकांची बॅटरी आणि खंडेनवमी

"शॉक खाल्ला नाही असा एक तरी वायरमन दाखव मला. त्याच्या घरी पाणी भरीन मी."

"आणि शॉकने मेला असला तर?"

"मेला तो वायरमन नव्हे रे. तो वायरमन होता."

आत दोघं खो खो हसले. मी चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका गाळ्याच्या अर्ध्या ओढलेल्या शटरबाहेर उभी होते. लगेच आत गेले नाही. दारात थांबायचं, आत कोण आहे, वातावरण कसं आहे याचा अंदाज घ्यायचा आणि मग पाऊल टाकायचं, ही माझी शाळेपासूनची सवय. पहिला आवाज काकांचा होता, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचा. दुसरा त्यांच्या मित्राचा. गाळा त्या मित्राचाच. तिथे तो स्कूटर आणि मोटरसायकली दुरुस्त करतो.

काकांनी बाबांना फोन करून मला बोलावून घेतलं होतं. "तुझी पोरगी बॅटरीच्या कंपनीत आहे ना? मग रविवारी पाठव चारकोपला. मी इलेक्ट्रिक बाईक बनवतोय."

मी बॅटरीच्या कंपनीत आहे हे खरं. अंधेरीला आमची टेस्टिंगची खोली आहे. तिथे आलेले पॅक मी तपासते आणि आकडे नोंदवते. दिवसभरात फारसं बोलावं लागत नाही, हे मला त्या नोकरीतलं सगळ्यात जास्त आवडतं. पण रविवारी बोरिवलीहून चारकोपला जाताना बसमध्ये मला धाकधूक वाटत होती. घरात बनवलेली बाईक म्हणजे सायकलला लावलेली छोटीशी मोटर असेल, असं मी स्वतःला सांगत होते.

तसं नव्हतं. गाळ्याच्या मधोमध एक जुनी मोटरसायकल उभी होती, इंजिन काढून टाकलेली. इंजिनाच्या जागी भंगारातून आणलेली एक जाडजूड मोटर बसवली होती, कुठल्यातरी मोठ्या गाडीची. एका पॅकवर ती हलायलाही तयार नव्हती. म्हणून काकांनी इलेक्ट्रिक स्कूटरचे दोन पॅक मिळवले होते, आणि ते एकापुढे एक जोडून ते तिला फिरवणार होते. एकेका पॅकचे बहात्तर व्होल्ट. दोन्ही जोडून पूर्ण चार्ज केले की दीडशेच्याही वर जातात.

"काय गो बाय, बघतेस काय? झकास आहे की नाही?" काकांनी विचारलं.

मी मान हलवली.

"मॅडमना पसंत आहे," मित्र म्हणाला. मला तो पहिल्या दिवसापासून मॅडमच म्हणतो. त्यात टोमणा किती आणि मान किती, हे मला अजून कळलेलं नाही.

काका आयुष्यभर वायरमन. माझे आजोबा गिरणीत होते, आणि काकांनी मिसरूड फुटायच्या वयात तिथल्याच एका वायरमनच्या हाताखाली काम शिकायला सुरुवात केली. गिरणी बंद पडली, पण हातातली विद्या राहिली. पुढे त्यांनी कांदिवली-बोरिवलीतल्या सोसायट्यांची कामं धरली: जिन्यातले दिवे, पाण्याचे पंप, मीटरची खोली. मग एकेक सोसायटीने देखभालीचं काम कंपन्यांना दिलं. युनिफॉर्म घातलेली मुलं यायला लागली आणि काकांना बोलावणं येईनासं झालं. काकू म्हणायची, "अख्खा जन्म दुसऱ्यांचे पंखे दुरुस्त केले. आता घरात बसून आपल्या पंख्याकडे बघत असतात."

त्या रविवारी काकांनी मला त्यांची पद्धत दाखवली. शर्टाच्या खिशाला टेस्टर कायम लावलेला, पेनासारखा. तो काढायचा, डावा हात पाठीमागे नेऊन कमरेवर ठेवायचा, आणि उजव्या हाताने टेस्टर टोकाला लावायचा. आतला छोटा दिवा पेटला नाही की मग उजव्या हाताच्या बोटांची पाठ हळूच टेकवून बघायची.

"पंजा कधी लावायचा नाही," ते म्हणाले. "लाईट असली तर मूठ मिटते आणि वायर तुला सोडत नाही. पाठ लावलीस तर हात आपोआप मागे येतो. आणि डावा हात कायम मागे, म्हणजे छातीतून जायला तिला रस्ताच नाही. हे मला गिरणीत शिकवलं. म्हणून आज तुझ्यासमोर उभा आहे."

मी हे सगळं लक्ष देऊन बघत होते, कारण त्यात चुकीचं काही नव्हतं. आमच्या कंपनीतही एकाच हाताने काम करायचा नियम आहे. फक्त तिथे तो इंग्रजीत भिंतीवर चिकटवलेला आहे, आणि इथे तो माणसाच्या खांद्यात, कमरेत मुरलेला होता. काका टेस्टर काढायचे तेव्हा त्यांचा डावा हात त्यांना न सांगता मागे जायचा.

मग त्यांनी एका पॅकच्या उघड्या टोकाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही. त्यांनी बोटांची पाठ टेकवली. काहीच झालं नाही.

"बघितलंस? एवढी मोठी बॅटरी, पण झटका मारण्याएवढा जीव नाही हिच्यात."

तो दिवा का लागला नाही हे मला माहीत होतं. भिंतीतली वीज आणि बॅटरीतली वीज यांत फरक आहे, आणि टेस्टर फक्त पहिलीच ओळखतो. पण हे मला माहीत होतं ते इंग्रजीत, कॉलेजात शिकवलेल्या शब्दांत. घरी आम्ही मराठीच बोलतो. पण घरचं मराठी जेवणाखाण्याचं, नातेवाइकांचं, भाजी संपल्याचं. या गोष्टींसाठी माझ्याकडे त्यात शब्दच नव्हते.

"काका, ते... बॅटरी फ्लोटिंग असते ना, म्हणून..."

"फ्लोटिंग? कुठे, नाल्यात?" मित्राने विचारलं आणि स्वतःच हसला. काकाही हसले. माझ्याकडे बघून नव्हे, वाईट हेतूने तर नव्हेच. पण माझं वाक्य तिथेच संपलं. अर्धवट राहिलेलं वाक्य पुन्हा उचलून पूर्ण करणं मला कधी जमलेलं नाही.

तोंडाने जमलं नाही ते मी हातांनी करायला लागले. पुढच्या रविवारी एक मीटर घेऊन गेले, व्होल्ट मोजायचा. रबरी ग्लोव्हज नेले. पकडींच्या आणि पान्यांच्या दांड्यांना जाड टेप गुंडाळला, म्हणजे हातातून निसटून दोन टोकांवर आडवे पडले तरी ठिणगी उडणार नाही. दोन पॅकच्या मधला सांधा कायमचा न करता तिथे हाताने काढता-घालता येईल अशी एक लिंक बसवायला लावली, तिच्यातच फ्यूज. ही लिंक सगळ्यात शेवटी लावायची, आणि काहीही करायच्या आधी सगळ्यात पहिली काढायची. एवढं मी कागदावर चित्र काढून दाखवलं. चित्राला मराठी लागत नाही.

काकांनी ते चित्र बराच वेळ बघितलं. "हुशार आहे," ते मित्राला म्हणाले, मी तिथे नसल्यासारखं. आणि काम असं केलं की मी आमच्या कंपनीतही तसं बघितलेलं नाही. मोटरजवळच्या वायरी त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने बांधल्या. प्लास्टिकच्या पट्ट्या गरम होऊन सुटतात म्हणून. प्रत्येक गाठ सारख्या अंतरावर, प्रत्येक वळण सारखं गोल. हा दोरा कसा ओढायचा ते त्यांनी मला शिकवलं, आणि माझी गाठ सैल पडली की "सोड ती, पुन्हा मार" म्हणायचे. त्या कामात बोलायची गरज नव्हती. मला तिथे जायला आवडायला लागलं.

ग्लोव्हज मात्र खिळ्यावर लटकत राहिले. "हे घालून नट कसा पकडणार? भांडी घासतोय असं वाटतं," काका म्हणायचे. मीटर ते माझ्या मनासाठी वापरायचे. आधी मीटर लावायचे, आकडा मोठ्याने वाचायचे, "घे, तुझं झालं," आणि मग खिशातून टेस्टर काढून स्वतःच्या मनासाठी एकदा लावायचे. टेस्टरचा दिवा लागला नाही की त्यांच्या खांद्यातला ताण जायचा. ते मला दिसायचं.

मी घरी जाऊन त्यांना फोनवर मेसेज लिहिला. आधी इंग्रजीत लिहिला, मग रोमन अक्षरांत मराठी केला. टेस्टर पेटला नाही म्हणून हात लावू नका, असा काहीसा. काकांचं उत्तर आलं: नमस्काराचे हात, आणि थोड्या वेळाने सूर्योदयाचं चित्र, त्यावर शुभ सकाळ.

एकदा काकू डबा घेऊन गाळ्यावर आली होती. हे दोघं मोटरशी झटापट करत होते, म्हणून आम्ही बाहेर पायरीवर बसलो. समोरच्या गाळ्यात सोफ्याचे फोम कापत होते आणि पिवळा भुगा आमच्या पायापर्यंत येत होता.

"एक सांगू?" काकू म्हणाली. "दुपारपर्यंत पारोसे बसून राहायचे गं. आता सकाळी आंघोळ करून, भांग पाडून निघतात. परवा शिट्टी वाजवत होते. लग्नानंतर मी ऐकली नव्हती ती शिट्टी."

मी पायावरचा पिवळा भुगा झटकला.

"दसऱ्याला मला मनोरीला नेणार आहेत या गाडीवर. मार्व्याहून बोटीत गाडी घालायची आणि पलीकडे माझ्या आईच्या दारात नेऊन उभी करायची. आईला म्हणे आवाजच येणार नाही गाडीचा, एकदम दारात जावई." ती हसली, मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तू त्यांना 'नाही' म्हणू नकोस हं. तू म्हणालीस तर ते सोडून देतील. तुझं ऐकतात ते. पण त्यांचे हातपायही शाबूत राहू देत, तेवढं बघ."

माझं ते ऐकतात, हे मला नवीन होतं. मी त्यांना आजवर ऐकण्यासारखं काही सांगितलंच कुठे होतं? आणि काकूने एका दमात दोन गोष्टी मागितल्या होत्या. त्या दोन्ही मला एकाच वेळी कशा द्यायच्या ते कळत नव्हतं. काका टेस्टरच्या भरवशावर हात लावत राहिले तर एक दिवस त्यांचा किंवा कुणाचा तरी जीव जाणार होता. आणि मी घाबरवून सोडलं तर ते पुन्हा पंख्याखाली जाऊन बसणार होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, गाळ्यात हत्यारांची पूजा असते. इस्टेटमध्ये त्या दिवशी यंत्रं बंद असतात. दुपारी मी गेले तेव्हा बाहेरच्या रस्त्यावर पाणी मारलेलं होतं, शटरांना आंब्याची डहाळी आणि झेंडूची तोरणं लागली होती, आणि नेहमीचा कटरचा आवाज नसल्यामुळे सगळ्या गाळ्यांतली माणसं उगाचच मोठ्याने बोलत होती.

आत पाटावर लाल कापड घालून हत्यारं मांडली होती. पाने, पकडी, हातोडी, ड्रिल. त्यांच्या मधोमध माझा मीटर. त्याच्या काचेवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं आणि वर एक झेंडूचं फूल. ग्लोव्हजसुद्धा खिळ्यावरून उतरून पाटावर आले होते, घडी घालून, हळद लावून. माझ्या वस्तूंना एवढा मान मिळालेला बघून मला बरं वाटलं. पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत हत्यार उचलायचं नाही, हे घरोघरी पाळतात. तसं इथेही पाळत होते.

फक्त टेस्टर पाटावर नव्हता. तो काकांच्या खिशाला होता, रोजच्यासारखा. त्यांच्या लेखी तो बहुतेक हत्यारात मोडतच नसावा. चष्मा कुणी पूजेला ठेवत नाही, तसं.

बाईकला हार घातला होता. आता बाईकची पूजा व्हायची होती. काकू हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. हिरव्या बांगड्या, नवीन साडी. कुंकू पाण्यात कालवलेलं होतं, म्हणजे धातूवर नीट उमटतं.

"मघाशी चाक फिरवून बघितलं गो," काका मला म्हणाले. त्यांचा चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ दिसत होता. "असं काय फिरलं! आवाज नाही काही नाही."

म्हणजे मधली लिंक लावलेली होती. दोन्ही पॅक जोडलेले होते. मी बॅटरीच्या पेटीकडे बघितलं. झाकण उघडं होतं. प्लसच्या टोकावर तांब्याची रुंद पट्टी होती, आणि तिच्यावरची रबरी टोपी काढून बाजूला ठेवली होती. ती पट्टी बसवण्याआधी काकूने घरी नेऊन चिंच लावून घासली होती, देवाची भांडी घासतात तशी. ती झळकत होती. ती दिसावी म्हणूनच टोपी काढली होती.

"हिच्यावरच लावते मी कुंकू," काकू म्हणाली. "माझ्या हातची आहे."

मग मला ती काळी वायर दिसली. पेटीतून निघून खाली बाईकच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत गेलेली, आणि तिथे रंग खरवडून बोल्टने घट्ट आवळलेली. मागच्या रविवारी ती नव्हती.

मित्राने मी बघतेय ते बघितलं. "मी मारली सकाळी," तो म्हणाला. "मायनस बॉडीला. हॉर्न, हेडलाईट, इंडिकेटर, सगळ्यांना एकेकच वायर पुरते मग. इतकी वर्षं गाड्या उघडतोय मॅडम, मायनस नेहमी बॉडीलाच."

त्याच्या स्कूटरींच्या बाबतीत हे अगदी बरोबर होतं. बारा व्होल्टची बॅटरी कुणाला काही करत नाही. काकांचा नियम सोसायट्यांच्या जिन्यात बरोबर होता. दोन माणसांनी आपापल्या धंद्यातली सगळ्यात भरवशाची गोष्ट या बाईकला दिली होती.

"थांब, आधी बघू दे," काका काकूला म्हणाले. काळजी त्यांनी घेतलीच. खिशातून टेस्टर काढला. डावा हात पाठीमागे गेला. टेस्टर तांब्याच्या पट्टीला लावला. दिवा लागला नाही. त्यांनी उजव्या हाताच्या बोटांची पाठ पट्टीला टेकवली, क्षणभर ठेवली, उचलली.

"लाईट नाही. लाव गं."

काकू पुढे झाली. ताट तिने मित्राच्या हातात दिलं. साडी सांभाळत वाकताना तोल जाऊ नये म्हणून तिने डाव्या हाताने बाईकचं हँडल धरलं. उजव्या हाताची बोटं कुंकवात बुडवली. ओली लाल बोटं पट्टीकडे निघाली.

मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. माझ्या हातात तिचं उजवं कोपर होतं आणि मी ते मागे खेचलं होतं, इतक्या जोरात की आम्ही दोघी मागच्या टायरांच्या ढिगावर आपटलो. तिचा धक्का लागून मित्राच्या हातातलं ताट खाली गेलं. कुंकू जमिनीवर सांडलं, माझ्या ओढणीवर उडालं, एक बांगडी फुटली.

ताट फरशीवर गोल फिरत राहिलं आणि मग थांबलं.

"अगं, वेड लागलं का तुला?" काकू म्हणाली. ती फुटलेल्या बांगडीकडे बघत होती. सणाच्या दिवशी सांडलेलं कुंकू आणि फुटलेली बांगडी, आणि तेही नवऱ्याच्या गाडीपुढे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "काय केलंस हे?"

"मॅडम, पूजा चालली होती," मित्र हळू आवाजात म्हणाला. त्याच्या 'मॅडम'मध्ये या वेळी नुसती नाराजी होती.

काका माझ्याकडे बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. मी पाटापाशी गेले, मीटरवरचं झेंडूचं फूल बाजूला ठेवलं आणि मीटर उचलला.

"पूजेतलं उचलतेस?" काकू म्हणाली.

मी ओढणीने काचेवरचं कुंकू पुसलं. आधी एका वायरीचा चिमटा हँडलला लावून टाकला. मग डावा हात मागे घेतला, आणि उजव्या हाताने दुसरं टोक तांब्याच्या पट्टीला लावलं. मीटर मी काकांना दिसेल असा टाकीवर ठेवला होता.

आकडा आला. एकशे साठच्या वर.

काकांनी तो मोठ्याने वाचला नाही. ते हँडलकडे बघत राहिले, जिथे चिमटा होता, जिथे काकूचा हात होता. मग हातातल्या टेस्टरकडे बघितलं. त्यांनी तो उलटा केला, अंगठ्याने पुसला, तळहातावर टकटक आपटला, बंद पडलेल्या घड्याळाला लोक करतात तसं.

"मग हा का नाही पेटला?" त्यांनी विचारलं.

ते भांडत नव्हते, स्वतःची बाजूही सावरत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकी वर्षं ज्याच्या शब्दावर हात पुढे केला त्याने आज गप्प बसून काकूला पुढे जाऊ दिलं होतं. असं का, एवढंच ते विचारत होते. आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा तो धुतलेला स्वच्छपणा हळूहळू जात होता.

"राहू दे," ते मित्राला म्हणाले. आवाज एकदम म्हातारा झाला होता. "हे आपलं काम नाही रे. आपल्याला जे कळत नाही ते... भंगारवाला आला की देऊन टाकू."

काकूने माझ्याकडे बघितलं. आता ती रागावलेली नव्हती. तिने नुसतंच बघितलं.

बसमध्ये मी किती तरी वेळा मनातल्या मनात वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही मला त्या क्षणी आठवलं नाही, आणि ते बरंच झालं. काका वाट बघत होते. मित्रही बघत होता, रिकामं ताट उचलून छातीशी धरून. मी मीटर बंद केला आणि बोलायला लागले. पहिले दोन शब्द इंग्रजीच निघाले, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"काका, टेस्टर बिघडलेला नाही. टेस्टर पेटतो तेव्हा तुमच्यातून थोडी वीज जमिनीत जात असते, म्हणून पेटतो. भिंतीतल्या लाईटला जमिनीकडे जायचं असतं. बॅटरीला जमिनीशी काही घेणंदेणं नाही, तिला फक्त तिच्या दुसऱ्या टोकाकडे जायचं असतं. तुमचा डावा हात मागे होता, तुम्ही बरोबर काम करत होता, म्हणून तिला तुमच्यातून दुसरं टोक मिळालंच नाही. ना टेस्टर पेटला, ना तुम्हाला काही लागलं. पण काळी वायर बॉडीला लावल्यावर तिचं दुसरं टोक म्हणजे ही अख्खी बाईक झाली, आणि काकूचा डावा हात हँडलवर होता. बोटं ओली होती. तुमचा नियम चुकीचा नाही, यांचाही नाही, फक्त या बॅटरीला ते दोन्ही मिळून चालत नाहीत. हे मला पहिल्या रविवारीच सांगायचं होतं, मला शब्द सापडत नव्हते. आता ते ग्लोव्हज घाला, पूजेतले असले तरी घाला, आणि मधली लिंक काढा, मी बाजूला उभी राहते. मग ती काळी वायर सोडवू. हॉर्न आणि दिव्यांना वेगळी छोटी बॅटरी देऊ, ती खुशाल बॉडीला लावा. आणि भंगारात काही द्यायचं नाही, काका. काकू मनोरीला या गाडीवरच जाणार आहे. फक्त उद्या नाही."